गिटार ॲम्पचा आवाज मधेच जातो? बोर्ड गेला म्हणायच्या आधी हे तपासा

नवीन गिटार आणि पहिला छोटा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, घेतलेली मुलं मला मेसेज करतात त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे असतात, दादा आवाज मधेच जातो, केबल हलवली की येतो, थोड्या वेळानं परत जातो, ॲम्प गेला का? आणि तोपर्यंत कुणीतरी सांगून मोकळं झालेलं असतं की आतला सर्किट बोर्ड गेलाय, नवीनच घे. मला ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण पैसे साठवून, घरच्यांना पटवून घेतलेली वस्तू असते ती, आणि शेवटी दोष निघतो एखाद्या केबलीत नाहीतर सॉकेटात. मी रत्नागिरीत राहतो, इथं गिटारचा ॲम्प उघडून बघणारा माणूस सहज मिळत नाही, त्यामुळे गेल्या काही वर्षांत हे सगळं हळूहळू स्वतःच करायला शिकलो, तेच इथं क्रमानं लिहितोय.

सुरू करायच्या आधी एवढं लक्षात ठेवा. पूर्ण बंद पडलेल्या वस्तूतला दोष शोधणं सोपं, येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाचं तसं नाही, तुम्ही बघायला बसलात की तो गायब होतो. म्हणून दुरुस्ती नंतर, आधी तो दोष आपण बोलावू तेव्हा आला पाहिजे. कुठं दाबलं, कुठं वाकवलं, कुठलं बटण फिरवलं की आवाज जातो हे एकदा सापडलं की निम्मं काम झालं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल पण बदलली, पायानं दाबायची इफेक्टची पेडलं पण काढली, प्लग पण दुसऱ्या बोर्डात लावला आणि आवाज यायला लागला, तर तुम्हाला कळलं काय? काहीच नाही, पुढच्या रविवारी प्रॅक्टिसला परत तेच.

संशय कुठून सुरू करायचा तर जिथं जिथं आपण काही खुपसतो, फिरवतो किंवा हलवतो तिथून. आतले आयसी, ट्रान्झिस्टर सहसा असे मधेच जाऊन मधेच येत नाहीत. येतो-जातो तो कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकतात ती जागा.

आधी नीट ऐका

आवाज कसा जातो यावरूनच बरंच कळतं. कट्कन पूर्ण शांत होत असेल तर सिग्नलची आतली तार तुटलेली असायची शक्यता जास्त. शांत न होता मोठ्ठा भुंऽऽऽ सुरू होत असेल तर तारेभोवतीची जाळी, म्हणजे शिल्ड, सुटलेली असते. बटण फिरवतानाच खरखर होते आणि सोडलं की थांबते, तर बटणाच्या आतला फिरणारा भाग, म्हणजे पॉट, घाण झालाय. आवाज पूर्ण जात नाही पण अर्धा होतो, दबलेला येतो, आणि जोरात एक स्ट्रम मारला की एकदम धाडकन पूर्ण परत येतो, हे लक्षण तर मला फार आवडतं कारण त्याची जागा जवळजवळ ठरलेली असते, पुढे सांगतो. ॲम्प सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं छान चालतो आणि मग जातो, हा तापण्याशी संबंधित दोष.

आणि एक जे दोष नसतंच, हल्लीच्या डिजिटल ॲम्पमध्ये नॉइज गेट नावाचं सेटिंग असतं, ते जास्त ठेवलं असेल तर सूर लांबवताना शेवटचा भाग कापल्यासारखा होतो. आधी ते शून्यावर आणून बघा, बरेच जण यातच सुटतात. केबलीऐवजी लावायचं २.४ गिगाहर्ट्झचं वायरलेस वापरत असाल तर वायफायमुळे पण तुटक तुटक होतं, त्यामुळे तपासताना वायरच लावा.

पायरी १ : मधलं सगळं काढून टाका

गिटार, एक केबल, ॲम्प. बस. पेडलं, ट्यूनर, वायरलेस सगळं बाजूला. ॲम्प क्लीन चॅनलवर, म्हणजे साध्या न फाटलेल्या आवाजावर ठेवा, रिव्हर्ब वगैरे शून्य, व्हॉल्यूम कमी. कमी का, तर कॉन्टॅक्ट तुटून जुळताना जो फाटकन आवाज येतो तो स्पीकरला बरा नाही आणि कानालाही नाही. केबल काढताना-लावताना पण व्हॉल्यूम खाली आणूनच.

आता दहा-पंधरा मिनिटं वाजवा. दोष आलाच नाही तर तो बाजूला काढलेल्या वस्तूंत आहे, थेट पायरी ४ वर जा. आला तर पुढे वाचा.

पायरी २ : केबल

बहुतेकांचं इथंच संपतं. गिटारच्या केबलीला दोन्ही टोकांना जी पिन असते, ६.३५ मिलिमीटरची, दुकानात तिला पी-३८ म्हणतात, मोनो मागायची. केबल मधे क्वचित तुटते, तुटते ती पिनेतून बाहेर पडते तिथं, कारण वाकते तिथंच. गिटारची तार वाजती ठेवून पिनेच्या मागचा दोन-तीन इंचाचा भाग हळूहळू चारही बाजूंना वाकवा, आधी गिटारकडचा, मग ॲम्पकडचा. आवाज गेला-आला? मग केबल काढून उलटी लावा, म्हणजे गिटारचं टोक ॲम्पला आणि ॲम्पचं गिटारला. दोष पण दुसऱ्या बाजूला गेला तर केबलच, शंका नको. दोष जागचा हललाच नाही, गिटारच्या बाजूलाच राहिला, तर केबल बरी आहे आणि गिटारचं सॉकेट संशयित आहे. दुसरी चांगली केबल मित्राकडून आणून लावली तर अजूनच पक्कं होतं.

एक साधा मल्टिमीटर, म्हणजे तार जोडलेली आहे का तुटलीय ते दाखवणारा मीटर, घ्याच. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, तिथं अगदी स्वस्तातला मिळतो आणि आपल्या कामाला तो पुरतो. बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवून केबलीच्या दोन्ही पिना तपासा, पिनेचं टोक आणि त्यामागचा दांडा असे दोन भाग असतात, टोक ते टोक बीप आली पाहिजे, दांडा ते दांडा बीप आली पाहिजे, आणि टोक ते दांडा अजिबात बीप यायला नको. हे सगळं केबल वाकवत वाकवत करायचं, नुसतं सरळ ठेवून केलं तर तुटलेली तार पण टेकलेली असते आणि मीटर सांगतो सगळं ठीक आहे.

मागच्या पावसाळ्यात एका मुलानं आणलेली केबल मी उघडली ती अजून डोळ्यासमोर आहे. पिनेचं टोपण फिरवून मागे सरकवलं, तर आत जाळी जिथं दाबून धरायची ती पत्ती उघडीच होती, म्हणजे केबलीचा सगळा ताण सोल्डरच्या टाक्यावर येत होता. मधली तांब्याची तार काळपट-हिरवी पडलेली, आणि तिच्यातले एक सोडून सगळे केस तुटलेले. त्या एका केसावर आवाज चालला होता. केबल जरा डावीकडे गेली की केस बाजूला व्हायचा, उजवीकडे आली की परत टेकायचा. त्या मुलाला ॲम्प बदलायला सांगितलेलं होतं.

जोडायची कशी : टोकाचा दोन इंच भाग सरळ कापून टाका, काळी पडलेली तार सोल्डर धरत नाही. पिनेचं टोपण आणि आतली प्लॅस्टिकची नळी सोल्डर करायच्या आधी केबलीत ओवा, ही गोष्ट नंतर आठवली तर परत सगळं सोडावं लागतं. पिनेच्या आत सोल्डर करायच्या दोन पत्त्या असतात, त्यांना कान म्हणतो, मधली तार टोकाच्या कानाला, जाळी पिळून दांड्याच्या कानाला. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, तार आणि पिनेचा कान दोन्ही तापले पाहिजेत, मग सोल्डर आपोआप पसरतो आणि चकचकीत दिसतो. गोळा होऊन बसला, मळकट दिसला तर तो ड्राय सोल्डर, महिन्याभरात तोच त्रास परत. आणि एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही, बऱ्याच गिटार केबलींमध्ये मधल्या तारेच्या प्लॅस्टिकवर अजून एक काळा पातळ थर असतो, तो साध्या प्लॅस्टिकचा नसतो, त्यातून थोडी वीज वाहते. तो टोकापासून अर्धा सेंटिमीटर मागे सोलून काढायचा, टोकाच्या कानाला टेकला तर आवाज बारीक आणि मेलेला येतो. शेवटी ती पत्ती केबलीवर पक्कडीनं नीट दाबा.

केबलीच्या पिना तयार, दाबून ओतलेल्या, म्हणजे न उघडणाऱ्या असतील तर कापून नवीन पी-३८ लावा.

पायरी ३ : गिटार

सॉकेटचा नट सैल झालाय का बघा. सैल असेल तर नुसता पाना लावून फिरवत सुटू नका, नटाबरोबर आख्खं सॉकेट आतल्या आत फिरतं आणि तारा पिळून तुटतात. प्लेट उघडा, स्ट्रॅट प्रकारच्या गिटारला दोन स्क्रू असतात, लेस पॉल प्रकारच्या गिटारच्या बाजूच्या चौकोनी प्लेटला चार, आतून सॉकेट बोटांनी धरून मग नट आवळा. उघडलंच आहे तर आतली ती वाकडी पत्ती बघा जी पिनेच्या टोकाला टेकते, वापरून वापरून ती बाहेर पसरते आणि पिन सैल बसते. तारा न काढता, बोटानं किंवा छोट्या पक्कडीनं हलकेच आत वाकवायची, पिन घातल्यावर टक् असं जाणवलं पाहिजे. पत्तीवर काळा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा.

मग व्हॉल्यूम आणि टोनची बटणं. खरखर करत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पॉटच्या बाजूला जिथून तीन पाय बाहेर येतात तिथल्या फटीत एक छोटा फवारा आणि लगेच बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा. बिजागरीला मारायचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे वापरू नका, तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटून दोन महिन्यांत आधीपेक्षा वाईट. पिकअप, म्हणजे तारांखालची आवाज पकडणारी चुंबकं, निवडायच्या स्विचलाही तसाच फवारा, स्विच एका जागी आवाज देतो आणि दुसऱ्या जागी नाही असं असेल तर हा पहिला उपाय.

मल्टिमीटर असेल तर ॲम्प न लावता गिटार तपासायची एक छान युक्ती आहे. बॅटरी नसलेल्या साध्या इलेक्ट्रिक गिटारला चांगली केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मीटर २० किलोओहमवर ठेवून केबलीच्या मोकळ्या टोकाच्या पिनेवर लावा. सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचा पिकअप असेल तर साधारण ५ ते ७ किलोओहम, हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा असेल तर ७ ते ९ च्या आसपास, जास्त जोरकस आवाजाचा पिकअप असेल तर अजून वर. आकडा किती यापेक्षा तो स्थिर आहे का हे महत्त्वाचं. आता सॉकेट हलवा, स्विच फिरवा, बटणांवर टिचक्या मारा. आकडा उड्या मारायला लागला किंवा मीटर अनंत दाखवायला लागला तर दोष गिटारमध्ये आहे, ॲम्पला हात लावायची गरज नाही. स्विच दोन जागांच्या मधे असताना किंवा मधल्या जागी आकडा बदलणारच, तिथं दोन पिकअप एकत्र असतात, घाबरू नका.

पिकअपवाल्या अकूस्टिक गिटारचं वेगळं. तिच्यात बहुतेक वेळा ९ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की आवाज फाटतो, मोठ्या स्ट्रमला गुदमरतो, येतो-जातो. बॅटरी पिन घातल्या क्षणापासून खर्च होते, वाजवा नाहीतर नको, म्हणून रात्री पिन काढून ठेवायची. बॅटरी नवीन टाकून बघा, आणि बॅटरीच्या टोपीची बटणं ढिली झालीयत का तेही.

पायरी ४ : पेडलं

एक एक करून परत लावत जा, प्रत्येकानंतर पाच मिनिटं वाजवा. पेडलांमधल्या आखूड पॅच केबलींवर आधी संशय घ्या, स्वस्तातल्या दाबलेल्या पिनांच्या असतात त्या फार लवकर जातात, पायानं पेडल दाबताना आवाज जात असेल तर बहुतेक त्याच. नंतर अडॅप्टर. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह, पण सगळ्यांना नाही, पेडलावर चिन्ह छापलेलं असतं ते बघितल्याशिवाय लावू नका. अडॅप्टर किती मिलिअँपचा आहे आणि सगळ्या पेडलांची बेरीज किती होते ते करा, काही डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब एकटेच २००-३०० खातात, अडॅप्टर कमी पडला की ते पेडल मधेच बंद होऊन परत चालू होतं आणि आपण केबली हलवत बसतो.

पायरी ५ : ॲम्पची सॉकेटं, न उघडता

आता ते मघाचं लक्षण. आवाज अर्धा होतो, जोरात वाजवलं की परत येतो.

ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असं लिहिलेली दोन सॉकेटं असतील तर तो एफएक्स लूप, म्हणजे ॲम्पच्या आतल्या वाटेत मधेच पेडलं जोडायची जागा. तिथं तुम्ही काहीच लावत नाही ना, पण आवाज मात्र तिथूनच जातो. रिटर्नच्या सॉकेटात पिन नसते तेव्हा आतल्या दोन पत्त्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि आवाज त्यांच्यातून पुढे जातो, पिन घातली की एक पत्ती उचलली जाते आणि आवाज पिनेतून घेतला जातो. आता ज्या सॉकेटात वर्षानुवर्षं कुणी पिन घातलीच नाही, त्या पत्त्यांच्या मधे काळा थर बसतो, आमच्याकडे तर खारी हवा आणि चार महिने दमटपणा, फारच लवकर बसतो. बारीक आवाज तो थर ओलांडत नाही, मोठा धक्का आला की ओलांडतो, म्हणून ते अर्धं-पूर्ण, अर्धं-पूर्ण.

तपासायचं कसं : एक आखूड पॅच केबल घ्या, एक टोक सेंडला, दुसरं रिटर्नला. बास. आवाज भरून आला आणि टिकला तर दोष सापडला. लूप चालू-बंद करायचं बटण असेल तर ते चालू करून बघा.

गणपतीच्या आधी एका मित्राचा ३० वॅटचा ॲम्प माझ्याकडे आला होता, त्याला एका दुकानात सांगितलं होतं की पॉवरचा आयसी गेलाय. मी गिटार लावली, दबका आवाज, जाडी ई तार जोरात मारली, आवाज उघडला, दोन मिनिटांत परत बसला. पॅच केबल मागे लावली तसा तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण दीड वर्षात त्यानं तो ॲम्प एवढा मोकळा वाजलेला ऐकला नव्हता. मग ॲम्पची वायर भिंतीतून काढली, एका जुन्या पी-३८ पिनेवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, रिटर्नमध्ये पंचवीसेक वेळा आत-बाहेर केली, तसंच सेंडमध्ये, अर्धा तास सुकू दिलं. केबल काढून टाकली तरी आवाज तसाच. स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागला नाही. स्प्रे मारताना ॲम्प बंद आणि प्लग भिंतीतून बाहेर हे मात्र पाळायचंच, बरेच स्प्रे पेट घेणारे असतात.

लूप नसलेल्या छोट्या ॲम्पमध्ये हेच काम हेडफोनचं सॉकेट करतं. हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो ना, ते आतल्या अशाच पत्तीमुळे. हेडफोनमध्ये आवाज एकदम स्वच्छ, स्पीकरमध्ये येतो-जातो, असं असेल तर हेडफोनच्या सॉकेटात तीच पिन-स्प्रेवाली सफाई करा. आवाजाच्या बटणांना बाहेरून हळू फिरवून बघा, खरखर असेल तर पॉटच.

लूप असेल तर अजून एक गोष्ट कळते. ॲम्पचा मास्टर व्हॉल्यूम खाली आणून गिटार थेट रिटर्नमध्ये लावा, हळूहळू वाढवा. आवाज बारीक आणि सपाट येईल, तसाच यायला हवा, पण तो न तुटता येत असेल तर ॲम्पचा मागचा भाग आणि स्पीकर ठीक आहे, दोष पुढच्या भागात म्हणजे इनपुट सॉकेट, बटणं किंवा प्रीॲम्पमध्ये, प्रीॲम्प म्हणजे गिटारचा आवाज पहिल्यांदा वाढवणारा भाग. इनपुटच्या सॉकेटाला पिन घातल्यावर हलकं वर-खाली केलं आणि आवाज गेला तर बहुतेक बोर्डावरचा सोल्डर तडकलाय, स्वस्त ॲम्पमध्ये सॉकेट थेट बोर्डाला सोल्डर केलेलं असतं आणि प्रत्येक ओढाताणीचा मार त्या टाक्यावर बसतो. ते दुरुस्त करणाऱ्याला दहा मिनिटांचं काम आहे.

स्पीकर : कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेल्या ॲम्पचा मागचा भाग उघडा असेल तर स्पीकरच्या दोन तारा दिसतात, त्यांच्या टोकाच्या चिमटीसारख्या पत्त्या सैल झालेल्या असतात, ॲम्प बंद करून दाबून बसवा. हेड, म्हणजे नुसता ॲम्प, आणि कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, वेगळं असेल तर मधे स्पीकर केबलच पाहिजे, दिसायला सारखी असली तरी गिटारची केबल नाही, ती एवढ्या करंटसाठी नसते.

व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला ॲम्प असेल तर

स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तो महागाचा असतो. दोष शोधताना कॅबिनेटची केबल काढून बघू असं मनात आलं तर आधी ॲम्प पूर्ण बंद. छोटे प्रीॲम्प व्हॉल्व्ह, १२एएक्स७ नावाचे, खोकं न उघडता मागून दिसत असतील तर त्यांना ॲम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकी टिचकी मारा, सगळ्यांचा थोडा टणटण आवाज येतो, पण एखाद्याला मारल्यावर कडकड झाली किंवा आवाज गेला-आला तर तो किंवा त्याचं सॉकेट. मोठे व्हॉल्व्ह भाजतात, त्यांना हात नको.

आणि ॲम्पचं खोकं उघडायचं नाही, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये ते राहतात. साध्या ॲम्पमध्येही २३० व्होल्ट आत येतातच. तापल्यावर जाणारा आवाज, बडवल्यावर येणारा आवाज, हे आतले तडकलेले सोल्डर असतात, ते माहितगाराकडेच.

वीज पण बघा. तीन पिनांचा प्लग सैल एक्स्टेंशन बोर्डात असेल तर कडकड, मधेच बंद हे सगळं होतं, थेट भिंतीत लावून बघा. हम, म्हणजे तो भुंऽऽऽ आवाज, कमी व्हावा म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणं कधीच नाही. मंडपात वाजवताना तारांना हात आणि माइकला ओठ लागल्यावर झिणझिणी आली तर तिथल्या तिथं वाजवणं थांबवा, सगळ्यांना सांगा, अर्थिंग बघितल्याशिवाय परत हात लावू नका.

दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच तर नुसतं आवाज जातो असं सांगू नका. कागदावर लिहून न्या : किती मिनिटांनी जातो, पूर्ण की अर्धा, हेडफोनमध्ये जातो का, सेंड-रिटर्नला केबल लावून काय झालं, रिटर्नमध्ये गिटार लावून काय झालं. सोबत तुमची स्वतःची गिटार आणि केबल न्या. परत घेताना तिथंच अर्धा तास लावून ठेवून वाजवा, कारण वीस मिनिटांनी येणारा दोष दोन मिनिटांत दिसत नाही. आणि घरी आल्यावर, चांगली ठरलेली एक केबल वेगळी काढा, तिच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळा आणि ती फक्त तपासणीसाठी ठेवा, प्रॅक्टिसला नेऊ नका.